परसातली कोंबडी आणि कायदा

श्रोतेहो, उन्हाळ्याच्या दिवसांत आमच्या गावात भांडणाला दोन कारणं हमखास असत. एक पाणी आणि दुसरं वाळवण. बाजेवर धोतर अंथरून त्यावर कुरडया, सांडगे, वड्या वाळत घातलेल्या असायच्या आणि राखणीला आमच्यासारखी पोरं बसवलेली असायची. एकदा माझा डोळा लागला आणि शेजारच्या सहा-सात कोंबड्यांनी आजीच्या कुरडयांचा पार चुरा केला. आजीनं एक कोंबडी पकडली, पंखाखाली धरली आणि तशीच चालत ग्रामपंचायतीत गेली. मी मागोमाग. तिचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्याच्या शेतात बैल घुसला तर तो कोंडवाड्यात घालतात ना? मग ही कोंबडीही घाला, आणि दंड भरून सोडवू द्या तिच्या मालकिणीला.

कोतवाल हसला. म्हणाला, "माय, कोंडवाड्यात कोंबडी नाई घेत. ढोर असलं तं घेतो." आजी चिडून परत आली. कोतवालानं आपली थट्टा केली, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. पुढं मी इतिहासाचा विद्यार्थी झालो, जुने कायदे चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आलं की कोतवालाचं म्हणणं अक्षरशः कायद्याला धरून होतं.

कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा. त्या कायद्यानं 'गुरे' या शब्दात कोणकोणती जनावरं येतात, त्याची यादीच दिलेली आहे. ती यादी ऐकण्यासारखी आहे. हत्ती आहे, उंट आहे, म्हैस आहे. घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू, खेचर, गाढव आहे. डुक्कर आहे. मेंढा, मेंढी, कोकरू, शेळी, करडू हेही आहेत. ज्या वऱ्हाडात हत्ती मिरवणुकीखेरीज कुणी पाहिला नाही, तिथल्या कोंडवाड्यातही कायद्यानं हत्तीला जागा होती. परंतु जी कोंबडी दर दुसऱ्या घरात होती तिचं नाव त्या यादीत नव्हतं.

असं का झालं असावं? कायदा कोणासाठी आणि कशासाठी केला गेला, ते पाहिलं म्हणजे उत्तर सापडतं. १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. मुलूख नावानं निजामाचाच राहिला, त्यामुळे इंग्रजी हद्दीतले कायदे इथं आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकमानं लावावे लागत. पण धोरण एकच होतं. शेतसारा शेतातल्या पिकातून यायचा. तेव्हा पीक खाणारं जनावर हा सरकारच्या काळजीचा विषय होता. पिकात शिरलेलं गुरू शेतकऱ्यानं धरावं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचतं करावं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावं, अशी ती व्यवस्था. डुकरांच्या नासधुशीसाठी तर वेगळं कलम घातलेलं होतं. कोंबडी शेतात फार दूर जात नाही. ती परसात, उकिरड्यावर आणि शेजाऱ्याच्या अंगणात चरते. परसाचा सारा नव्हता, म्हणून परसातल्या नुकसानीचा कायदाही नव्हता.

ही गोष्ट केवळ इंग्रजांची नव्हे. आपल्याकडच्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीच्या तंट्यांविषयी एक प्रकरण आहे. चूल, रांजण, जातं, गाडी आणि जनावरं बांधायची जागा ही शेजाऱ्यापासून काही अंतर सोडून असावी, असा त्यात दंडक आहे. पण तिथंही जनावर म्हणजे चतुष्पाद, चार पायांचं. दोन पायांच्या कोंबडीची दखल जुन्या शास्त्रकारांनी घेतली ती मुख्यतः खाण्यापिण्याच्या नियमात. गावातला कोंबडा खाऊ नये, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. म्हणजे कोंबडी कोणी खावी आणि कोणी खाऊ नये याची चर्चा हजारो वर्षं झाली. ती कोणाच्या परसात असावी, तिचं खुराडं कुठं असावं, याचा निवाडा मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांवरच सोडलेला होता.

आता कोंबडीच्या किमतीकडे वळू. १८६० सालच्या दंडसंहितेत जनावर मारण्याविषयी दोन कलमं होती. ४२८ आणि ४२९. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय, बैल यांना मारलं तर जनावराची किंमत कितीही असो, पाच वर्षांपर्यंत कैद. दुसरं कोणतंही जनावर पन्नास रुपयांचं असेल तरीही तेवढीच. आणि दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचं जनावर असेल तर दोन वर्षांपर्यंत. आता विचार करा, त्या काळी कोंबडी आण्यांत मिळायची. दहा रुपयांची कोंबडी कुणी पाहिली होती? तेव्हा कुणी रागाच्या भरात शेजारणीची अंड्यावरची कोंबडी दगड घालून मारली, तर ती या दोन्ही कलमांच्या खाली राहून जाई. उरे ते नुकसानीचं साधं कलम, तीन महिन्यांपर्यंतच्या शिक्षेचं. मौज अशी की तीच कोंबडी चोरली तर मात्र चोरीचं कलम लागे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शके. कायद्याच्या लेखी कोंबडी हा जीव थोडा आणि मालमत्ता अधिक होती.

आणि ही मालमत्ता कोणाची? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाच्या नावावर, सातबारा पुरुषाच्या नावावर. कोंबडीची नोंद कुठंच नाही, आणि नोंद नाही म्हणूनच ती बाईची. अंड्याचे पैसे पदराच्या गाठीला. पोराची पाटी, लेकीची बांगडी, दुखण्याखुपण्याला गोळी, यांचा खर्च त्या गाठीतून निघे. ज्या घरी जमिनीचा तुकडाही नाही, त्या घरी तर खुराडं हीच बँक. म्हणून कोंबडीचा कायदा म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. गरिबाच्या घरातल्या बाईच्या हाती जे थोडं स्वतःचं असतं, त्याला संरक्षण आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

या मालमत्तेवर पहिला डोळा शेजाऱ्याचा नव्हता. तो अधिकाऱ्याचा होता. हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघायचा. गावाबाहेर आमराईत डेरे पडायचे. मग पाटील रसद गोळा करायला माणूस पाठवी. दूध, सरपण, अंडी आणि कोंबड्या. पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर राम राम. कोंबड्या कोणाच्या घरून जायच्या? ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्या. म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आणि गरीब कुणब्यांच्या परसातून. वास्तविक, सरकारी नोकरानं पगाराखेरीज फुकट वस्तू घेणं हा दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. पण तो गुन्हा नोंदवायचा कुणी आणि कुणाकडे?

अशा प्रसंगी मला शिवछत्रपतींचं १६७३ सालचं पत्र आठवतं. चिपळूण भागातल्या छावणीतील आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं. धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावं, रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. राज्य मोठं असतं ते गडकोटांनी, हे खरंच. पण रयत ते ओळखते परसातल्या वस्तूवर हात पडतो की नाही यावरून. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं १९५० साली वेठबिगारी निषिद्ध ठरवली. फुकटची कोंबडी त्या दिवशी गावातून नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. मात्र नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहिला, हा फरक लहान नव्हे.

असो. आता गावातून शहराकडे येऊ. खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली, बुलढाणा अशी आपली गावं वाढली, घराला घर लागलं, आणि परस लहान झालं. खेड्यात कोंबडा आरवला तर लोक उठतात. शहरात कोंबडा आरवला तर लोक तक्रार करतात. इथं नगरपालिकेचा संबंध येतो. विदर्भात पुष्कळ वर्षं १९२२ चा मध्यप्रांताचा नगरपालिका कायदा चालू होता. पुढं १९६५ साली महाराष्ट्रानं साऱ्या राज्याला एकच नगरपालिका कायदा केला आणि तो जुना कायदा गेला. मुंबई शहराला तर १८८८ पासूनच स्वतःचा कायदा आहे. त्यातला एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. डुकरं पाळायला आधी लेखी परवानगी हवी. इतर जनावरांच्या बाबतीत, ती अशा रीतीनं ठेवू नयेत की लोकांना उपद्रव होईल किंवा धोका पोचेल.

'उपद्रव' हा शब्द नीट समजून घ्या, कारण शहरात परसातल्या कोंबडीचा सारा न्याय याच शब्दाभोवती फिरतो. कोंबडी पाळणं हा गुन्हा नाही. कोंबडीमुळे शेजाऱ्याचं जिणं नकोसं होणं, हा उपद्रव आहे. खुराड्याची विष्ठा साचून दुर्गंधी सुटली, माशा झाल्या, विहिरीत किंवा हौदात घाण गेली, मेलेली पिल्लं नालीत टाकली, तर तो उपद्रव. अशा वेळी नगरपालिका नोटीस देऊ शकते. उपद्रव सार्वजनिक असेल तर दंडाधिकारी तो हटवण्याचा हुकूम देऊ शकतात. ही तरतूद जुन्या फौजदारी संहितेत कलम १३३ म्हणून होती, आता नव्या संहितेत ती कलम १५२ आहे. पण शेजाऱ्याला कोंबडीचा विटाळ वाटतो, तो ती खात नाही, तिचं दर्शन त्याला नको असतं, एवढ्यावरून उपद्रव होत नाही. आपल्या गावांतून ही गल्लत पुष्कळदा होते. भांडण विष्ठेच्या नावाखाली चालतं आणि मुळात असतं ते जातीचं. शिक्षकांनी आणि पंचांनी ही दोन धान्यं निवडून वेगळी केली पाहिजेत. घाण असेल तर साफ करायला लावावी. घाण नसेल तर दुसऱ्याच्या अन्नाचा मान राखावा.

हा प्रश्न साऱ्या जगाला पडलेला आहे. पहिल्या महायुद्धात १९१८ साली अमेरिकेच्या सरकारनं लोकांना आवाहन केलं होतं, की घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, म्हणजे मांस सैन्याला पाठवता येईल. पुढं सुबत्ता आली तसे तिथल्याच अनेक शहरांनी परसातल्या कोंबडीवर निर्बंध घातले, आणि अलीकडच्या काळात पुष्कळांनी ते पुन्हा सैल केले. इंग्लंडनं १९५० साली एक कायदा केला. त्यात म्हटलं आहे की जागेच्या भाडेकरारात काहीही अट असली, तरी भाडेकरूला घरच्यापुरत्या कोंबड्या आणि ससे पाळता येतील. मात्र त्याचा धंदा करू नये आणि लोकांच्या आरोग्याला बाधा किंवा उपद्रव होऊ नये. आणि यातली खुबी अशी, की ही मुभा कोंबडीला आहे, कोंबड्याला नाही! कोंबड्यावाचूनही कोंबडी अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पहाटेची झोप आणि सकाळचं अंडं या दोहोंचा मेळ त्या कायद्यानं असा घातला. घराला घर लागलेल्या आपल्या शहरांतूनही ही तडजोड विचारात घेण्याजोगी आहे.

खेड्यांकडे परत येऊ. स्वराज्याच्या सुमारास आपल्या भागात १९४६ चा पंचायत कायदा झाला, पुढं १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाची स्वच्छता पाहणं आणि पशुधनाची निगा वाढवणं ही दोन्ही कामं स्थानिक संस्थांकडे आली. म्हणजे एकाच पंचायतीनं एका हातानं उकिरडा हलवायचा आणि दुसऱ्या हातानं सुधारित जातीची पिल्लं पाळायला उत्तेजन द्यायचं. पांढरी लेगहॉर्न आली, पुढं वनराज, गिरिराज अशा परसात वाढणाऱ्या जाती आल्या. मानमोडीची लस आली. पूर्वी मानमोडीची साथ आली म्हणजे एका आठवड्यात अख्खी आळी सुनी व्हायची. बाया डोक्याला हात लावून बसत. लसीनं हे पुष्कळ थांबलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात कुक्कुट पक्षी पंच्याऐंशी कोटींहून अधिक भरले, आणि त्यांतले जवळजवळ बत्तीस कोटी परसातले होते. मोठमोठ्या शेडांच्या या जमान्यातही खुराडं मोडलेलं नाही.

श्रोतेहो, या इतिहासातलं सगळ्यात अवघड वळण आलं ते २००६ साली. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला. भारतातली ती पहिलीच नोंद. मार्चमध्ये तो खानदेशातल्या जळगाव जिल्ह्यात काही गावांत निघाला, आणि सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातही. दोन्ही जिल्हे आपल्या वेशीला लागून. नवापूरला रोग मोठ्या शेडांत होता, पण जळगावच्या खेड्यांत तो परसातल्या कोंबड्यांपर्यंत आला. रोगाच्या जागेपासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, अशी तेव्हाची पद्धत होती. पांढऱ्या पोशाखातली माणसं घरोघर जाऊन खुराडी रिकामी करीत होती.

त्या दिवसांत मी मलकापूरकडे एसटीनं चाललो होतो. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टोपली, टोपलीवर लुगड्याचा पदर. मधूनच टोपलीतून आवाज यायचा. मी विचारलं तर म्हणाली, "लेकीच्या गावाले नेतो बाप्पा. सरकार माऱ्याले येऊन राह्यलं म्हंतेत." तिची कोंबडी तिला वाचवायची होती. तिचं चुकलं असं त्या वेळी माझ्या तोंडून निघालं नाही. पण आज सांगतो, चुकलं होतं. रोग एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तो याच टोपलीतून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं रोगट कोंबडी झाकली म्हणून साथ राहत नाही.

तरी त्या म्हातारीच्या भीतीला आधार होता. कायदा तिच्या परसात पहिल्यांदा आला तो कोंबडी मारायला. तिच्या कुरडयांच्या वेळी आला नव्हता, साहेबाच्या दौऱ्याच्या वेळी आला नव्हता. मग तिनं त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

या प्रश्नाला काही अंशी उत्तर २००९ च्या कायद्यानं दिलं आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा हा कायदा. त्यात 'जनावर' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत गाय-म्हशीबरोबर कुक्कुट पक्ष्यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. मधमाश्यासुद्धा आहेत. १८७१ च्या यादीत जिला जागा मिळाली नव्हती, ती कोंबडी एकशे अडतीस वर्षांनी यादीत आली. यादीत आली म्हणजे जबाबदारीही आली. जनावराला अनुसूचीतला रोग झाल्याचा संशय आला, तर मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि त्यांनी पशुवैद्यकाला. साथीत सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची नुकसानभरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. याचा अर्थ उघड आहे. जी बाई लवकर सांगते तिच्या पदरात काही पडतं, जी लपवते तिची कोंबडीही जाते आणि पैसाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी हाच रोग निघाला, तेव्हा पक्षी नष्ट करण्याचं क्षेत्र तीन किलोमीटरवरून एक किलोमीटरवर आलेलं होतं. गरिबांच्या खुराड्यांच्या दृष्टीनं हा मोठा दिलासा होता.

आणखी दोन बदल सांगून हे पुरं करतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारण्याच्या गुन्ह्याला किमतीची अटच उरलेली नाही. दहा रुपये गेले, पन्नास रुपये गेले. कोणतंही जनावर नुकसानीच्या हेतूनं मारलं, विष घातलं, जायबंदी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकशे चौसष्ट वर्षांनी शेजारणीची कोंबडी हत्तीच्या पंक्तीला बसली! चोरीच्या बाबतीत मात्र कायदा थोडा मऊ झाला. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, पहिलाच अपराध आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. दुसरा बदल मोठ्या धंद्याविषयीचा. प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांत पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या शेडांना परवानगीची अट आली. दहा-वीस कोंबड्यांचं खुराडं त्या जाचात सापडत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग परसात कोंबड्या पाळणाऱ्यानं करावं काय? खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीला आणि पाण्याच्या जागेला लागून ठेवू नये. रोज झाडावं, विष्ठा खताच्या खड्ड्यात टाकावी. वाळवणाच्या आणि वाफ्यांच्या दिवसांत कोंबड्या डालग्याखाली ठेवाव्यात. लस चुकवू नये. चार पक्षी एकदम मेले तर पुरून मोकळं होऊ नये, दवाखान्यात कळवावं. आणि शहरात राहत असाल तर आपल्या नगरपालिकेचा नियम काय आहे तो आधी विचारावा.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास शिकवताना आपण मुलांना सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा दाखवतो, लोणारचं सरोवर दाखवतो, ते दाखवलंच पाहिजे. पण कधी मुलांना सांगा, की घरी जाऊन आजीला विचारा, तुमच्या वेळी कोंबडी कितीला होती, ती कोण घेऊन जायचं, पैसे देत होते का, शेजाऱ्याशी भांडण झालं तर मिटवत कोण होतं. मुलं जी उत्तरं आणतील तो आपल्या गावाचा इतिहास असेल.

राहता राहिली माझ्या आजीची फिर्याद. ती कोणत्याच कलमात बसली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडीवाली शेजारीण आपणहून आली, चुलीपाशी बसली, चीक घाटला आणि सोऱ्या हातात घेऊन साऱ्या कुरडया पुन्हा घालून दिल्या. जाताना आजीनं तिला खाली ताट दिलं नाही. तेव्हापासून वाळवणाच्या दिवसांत तिच्या कोंबड्या दुपारपर्यंत डालग्याखाली असत. कायदा कोंबडीपर्यंत पोचायला दीड शतक लागलं. शेजार पोचायला एक रात्र पुरली. आता कायदाही आहे. म्हणून शेजार सोडायचा नाही, एवढंच माझं सांगणं.